ओटिली सुईण आणि दोन तारखांचं गाव

फार वर्षांपूर्वी जर्मनांच्या मुलखात, एरला नदीच्या काठी आल्टफुर्ट नावाचं गाव होतं. किती वर्षांपूर्वी, ते मात्र विचारू नका. त्या गावात तारखांचाच घोळ होता, आणि ही गोष्ट त्या घोळाचीच आहे.

गाव मुळात एकच. मधून नदी जायची, नदीवर अकरा कमानींचा दगडी पूल, आणि पुलाच्या दोन्ही टोकांना एकेक चर्च. पूर्वेला कुंभार आणि चांभार राहायचे. पश्चिमेला तराफेवाले राहायचे, म्हणजे डोंगरातले ओंडके एकत्र बांधून नदीतून खाली नेणारे लोक. पूर्वेच्या मुली पश्चिमेला द्यायच्या, पश्चिमेच्या पूर्वेला. मग लांब कुठेतरी, ज्यांनी आल्टफुर्ट कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं अशा दोन धन्यांमध्ये तह झाला आणि नदी ही सरहद्द ठरली. पूर्वेचा काठ ड्यूककडे गेला, पश्चिमेचा बिशपकडे. लोक म्हणाले, जाऊ दे, कुणाचं तरी राज्य असायचंच.

पण एका शरदात पश्चिमेच्या काठावर दवंडी पिटली गेली. आज चार तारीख आहे, उद्या पंधरा असेल, असा रोमहून पोपच्या नव्या कॅलेंडरचा हुकूम आला आहे. एका म्हातारीने विचारलं, "मग मधले दहा दिवस कुठे गेले?" दवंडीवाल्याने डोकं खाजवलं आणि तो पुढच्या गल्लीत निघून गेला. पूर्वेचा ड्यूक पोपला मानत नव्हता, त्याने उलट हुकूम काढला की आमच्याकडे उद्या पाचच तारीख उगवेल.

तेव्हापासून गावाचं डोकं फिरलं. माणूस वीस तारखेला पूल चढायचा आणि दहा तारखेला उतरायचा. नाताळ दोनदा यायचा. असं म्हणतात, की पश्चिमेच्या एका नवऱ्याची वरात पूर्वेच्या नवरीच्या दारात दहा दिवस आधीच येऊन उभी राहिली, आणि नवरीच्या घरी अजून पीठसुद्धा दळलेलं नव्हतं. पुढे तर दोन्ही धन्यांनी फर्मानच काढलं. समोरच्या काठाची तारीख जो तोंडातून काढेल, त्याला दिवसभर बाजारात लाकडी खोड्यात अडकवून उभं करायचं. मग लोक तारीख बोलायलाच घाबरू लागले.

या गावात ओटिली नावाची सुईण होती. पुलाच्या पूर्वेच्या टोकाला, खाली कुंभाराची भट्टी आणि वर एक खोली, तिथे ती राहायची. नवरा कधीच वारला होता, मूलबाळ नव्हतं. लिहितावाचता येत नव्हतं. पण दोन्ही काठांवरची निम्मी माणसं तिच्याच हातांत पहिल्यांदा रडली होती. पोटातल्या बाळाला सरहद्द कळत नाही, म्हणून दोन्ही धन्यांनी तिला केव्हाही पूल ओलांडायची मुभा दिली होती.

त्यामुळे झालं काय, की सगळ्या गावात सगळ्यात जास्त गोंधळ उडाला तो हिचाच. सकाळी पूर्वेला एक बाळ यायचं, दुपारी पश्चिमेला दुसरं, आणि दुसरं पहिल्यापेक्षा दहा दिवसांनी लहान ठरायचं. कुणी विचारलं, "मावशी, आज काय तारीख?" तर ती आधी पायाखाली बघायची, आपण कुठल्या काठावर उभ्या आहोत ते. सुरुवातीला लोक हसायचे. मग ती स्वतःच हसेनाशी झाली. आपलं डोकं म्हातारं होत चाललंय, असं तिला वाटायला लागलं.

अशातच पश्चिमेच्या काठावरचा योस्ट नावाचा तरुण तराफेवाला वसंतातल्या पुरात बुडाला. त्याचा तराफा पुलाच्या खांबावर आदळला. प्रेत पूर्वेच्या काठाला लागलं, म्हणून पूर्वेच्या चर्चच्या वहीत नोंद झाली: मार्चची दोन तारीख. मागे त्याची बायको राहिली, अग्नेस. तिला दिवस गेलेत हे नवऱ्याला पुरल्यानंतर कळलं. हात लावून पाहिलं ते ओटिलीनेच. हिवाळ्यात मुलगी झाली. तिचं नाव ब्रिगिटा ठेवलं आणि पश्चिमेच्या चर्चच्या वहीत जन्माची नोंद झाली: डिसेंबरची पंधरा.

योस्टला एक थोरला भाऊ होता, वेंडेलिन. योस्टचं घर आणि घराखालचा तराफे बांधायचा घाट, दोन्हींवर त्याचा डोळा होता. त्याने पूर्वेच्या वहीतली नोंद उतरवून आणली, पश्चिमेच्या वहीतली आणली, आणि दिवस मोजले. दोनशे अठ्ठ्याऐंशी भरले. आल्टफुर्टचा रिवाज असा होता, की बाप मेल्यावर चाळीस आठवड्यांत, म्हणजे दोनशे ऐंशी दिवसांत जन्मलेलं मूल बापाचं. त्यानंतरचं मूल बापाचं नाही. वेंडेलिन म्हणाला, आठ दिवस जास्त झाले. ही पोर माझ्या भावाची नाही.

हे ठरलं असतं तर अग्नेसला पोरीसकट काठाबाहेर काढलं असतं. आणि पूर्वेचे लोक हाकलून दिलेल्या बाईला घेत नसत. तिने त्या थंडीत जायचं कुठे?

दोन्ही काठांचा वाद असला की पुलाच्या मधोमध बाक टाकून तीन पंच इकडचे आणि तीन तिकडचे बसायचे. तसे ते बसले. दहा दिवसांचा फरक त्यांना माहीत नव्हता का? होता. पण पूर्वेच्या पंचांनी पश्चिमेची तारीख खरी मानली तर ड्यूकचा अपमान, आणि पश्चिमेच्यांनी पूर्वेची मानली तर बिशपचा. दोघांनाही खोड्याची भीती. म्हणून सगळे शहाणे लोक गप्प बसले आणि त्यांनी सुईणीला बोलावलं.

"बाई, हे मूल कधी जन्मलं?" पंचांनी विचारलं.

"पाचला," ओटिली म्हणाली. मग तिला आठवलं की बाळ पश्चिमेला झालं होतं. "नाही, पंधराला."

"पाचला की पंधराला?"

तिने पायाखाली बघितलं. पूल होता. पुलाच्या मधोमध कुठली तारीख असते ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. "मला कळत नाही," ती म्हणाली.

लोक हसले. वेंडेलिन म्हणाला, "हिला स्वतःचा वाढदिवस तरी ठाऊक आहे का?" पंचांनी लिहून घेतलं की सुईणीच्या बोलण्याला अर्थ नाही, आणि निकाल सोमवारी देऊ म्हणून ते उठले.

ओटिली तिथून थेट अग्नेसच्या घरी गेली. मनात नको ते आलं होतं, आणि ते विचारल्याशिवाय तिला राहवेना.

"अग्नेस, मला खरं सांग. मी कुणाला सांगणार नाही."

अग्नेसने मांडीवरच्या मुलीवरून नजर वर केली. "मावशी, त्यांचं मी समजू शकते. तुम्हीसुद्धा?"

ओटिलीच्या डोक्यात हिशेबच फिरत होता. आठ दिवस जास्त, असं वेंडेलिन वह्यांवरून म्हणाला होता, आणि सहा शिकलेल्या पंचांनी ते खोडलं नव्हतं. आपण तर अडाणी. पण योस्ट गेल्यावर अग्नेसने किती दिवस अन्न टाकलं होतं, तेही आपणच पाहिलेलं. कशावर विश्वास ठेवायचा? ती खाली मान घालून घरी आली. असं म्हणतात, की त्या आठवड्यात तिने दोन बाळांच्या बाळोत्यांची अदलाबदल केली आणि एका बाळंतिणीला दुसरीच्या नावाने हाक मारली.

रविवार उजाडला. ओटिली खिडकीशी बसली होती आणि पूर्वेच्या चर्चची घंटा सुरू झाली. तेवढ्यात पलीकडून पश्चिमेचीही सुरू झाली. आयुष्यभर ऐकलेल्या घंटा. पण त्या दिवशी तिच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला. तारखा दोन असतील, पण रविवार एकच होता. बिशपला रविवार हलवता आला नव्हता, आणि ड्यूकलाही नाही.

तिच्या कमरेला नेहमी एक पिशवी असायची. कळा मोजायला ती तिच्यात नदीतले खडे ठेवायची, एका कळेला एक खडा. ती पिशवी घेऊन ती सोमवारी पुलावर गेली आणि पंचांसमोर उभी राहिली.

"मला तारखा कळत नाहीत," ती म्हणाली. "मला खडे मोजता येतात. दोन्ही चर्चचे कारकून आपापली वही घेऊन येऊ देत. कुणी दुसऱ्याच्या वहीत बघायचं नाही, कुणी दुसऱ्याची तारीख मानायची नाही. आज सूर्य उगवला तो दोघांना दिसला का?"

दिसला होता. कुणालाच नाही म्हणता येईना.

"मग आजपासून मागे चला. एक दिवस मागे गेलात की मी एक खडा नदीत टाकीन. ज्याच्या वहीत योस्टची किंवा पोरीची नोंद सापडेल त्याने थांबायला सांगायचं."

पंचांनी एकमेकांकडे बघितलं. यात खोड्यात जाण्यासारखं काही नव्हतं. सगळ्यात वयस्कर पंच म्हणाला, "टाका, बाई."

कारकून बोलू लागले, पूर्वेचा आपली तारीख आणि पश्चिमेचा आपली, दोघं एकदमच. ओटिली एकेक खडा टाकू लागली. एकविसाव्या खड्याला पश्चिमेचा कारकून म्हणाला, "पंधरा डिसेंबर. थांबा. ब्रिगिटाचा जन्म." त्याच क्षणी पूर्वेचा "पाच डिसेंबर" म्हणाला होता, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. ओटिलीचंसुद्धा नाही.

"आता इथून पुन्हा एकपासून," ती म्हणाली.

पिशवीतले खडे संपले तेव्हा बायकांनी काठावरून ओच्यात भरभरून आणून दिले. तिचा आकडा चुकेल या भीतीने पूर्वेच्या बायका मोठ्याने मोजू लागल्या. मग पश्चिमेच्याही मोजू लागल्या. पुढे बाप्ये, कुंभार, तराफेवाले, सगळेच. साठ. एकसष्ट. बासष्ट. किती वर्षांनी त्या दोन काठांच्या तोंडून एका वेळी एकच शब्द निघत होता. बर्फ पडू लागलं, तरी कुणी हललं नाही. असं म्हणतात, की शंभराव्या खड्याला एरलाचं पाणी वाहायचं थांबलं. दोनशेव्या खड्यापासून खडे बुडेनासे झाले. ते पाण्यावर तरंगत राहिले, एकामागे एक, पूर्वेच्या काठापासून पश्चिमेच्या काठापर्यंत, जणू कुणी पाण्यावर पायवाट घातली होती. ओटिलीने मात्र खाली पाहिलंच नाही. तिला फक्त चुकायची भीती होती.

"दोनशे अठ्ठ्याहत्तर," लोक म्हणाले.

"दोन मार्च," पूर्वेचा कारकून म्हणाला. "थांबा. योस्टचा मृत्यू."

ओटिलीने हातातला पुढचा खडा तसाच धरून ठेवला. दोनशे ऐंशीच्या आत दोन दिवस. वेंडेलिनने तोंड उघडलं, पण मोजणाऱ्यांत त्याची स्वतःची बायकोही होती, आणि तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गर्दीतून वाट काढत निघून गेला. वयस्कर पंचाने निकाल सांगितला. पोर योस्टची. घर आणि घाट तिचा. कुणाची तारीख खरी, यावर पंचांनी अवाक्षर काढलं नाही.

अग्नेस मुलीला घेऊन ओटिलीजवळ आली. "मावशी," एवढंच म्हणाली. ओटिली म्हणाली, "मी तुला विचारायला नको होतं." मग दोघी पुलाच्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या.

यानंतर ओटिली शहाणी झाली असं समजू नका. तिचा गोंधळ तसाच राहिला, उलट वाढला. लोक अडचणी घेऊन यायचे आणि ती म्हणायची, "मला काय कळतंय, चला, मोजून बघू." पुढे फार म्हातारपणी, एक बाळंतपण उरकून येताना ती पुलावर धुक्यात बसली आणि तशीच गेली. पूर्वेच्या वहीत तिच्या मृत्यूची तारीख तीन फेब्रुवारी आहे, पश्चिमेच्या वहीत तेरा. दोन्ही वह्यांत लिहिलंय की तिला आमच्याकडे पुरलं. दोन्ही काठांवर तिची समाधी आहे, आणि दोन्हीकडचे लोक शपथेवर सांगतात की खरी इथलीच.

शंभरेक वर्षांनी पूर्वेच्या काठानेही नवं कॅलेंडर घेतलं. आता आल्टफुर्टमध्ये तारीख एकच असते. पण तीन ते तेरा फेब्रुवारी हे दिवस अजून ओटिलीचे मानतात. या दिवसांत तिथे न्यायालय बसत नाही. कुठल्याही बाईच्या दिवसांचा हिशेब कुणी विचारत नाही. या दिवसांत बाळ जन्मलं, तर गावाचा कारकून त्याच्या जन्माची तारीख स्वतः लिहीत नाही. आई हिंडूफिरू लागली की ती येते, आणि ती सांगेल ती तारीख तो उलट प्रश्न न करता वहीत लिहितो.

कधी कधी एखादी आई खूप विचार करते आणि म्हणते, "खरं सांगू का, मला आठवत नाही."

कारकून मान हलवतो आणि तसंच लिहितो.