सोंगाचा नियम

जनावरं बोलायची, तेव्हाची गोष्ट. रानातली झुंज जिंकेल त्याला उंबराखालचं गार डबकं वर्षभर मिळायचं. दहा वर्षं ते एकसुळ्या रानडुकराकडंच होतं. प्रत्येकासाठी त्याचा डाव ठरलेला: साळिंदराचे काटे टाळून बगलेनं यायचं, कासवाला उलथं पाडायचं, सशाला सरळ धडक द्यायची, झालं.

यंदा पंच घोरपडीला काय खाज सुटली कुणास ठाऊक! म्हणाली, "झुंजीत हवं तर एकदा कुणाचंही सोंग घ्या; ज्याचं घ्याल त्याचं अंग मिळेल."

समोर आला ससा.

"हा आता साळिंदर होतो की कासव?" डुक्कर गोंधळलं. बगलेला गेलं, मागं सरलं, गोल फिरफिरून धापा टाकत पडलं.

"मेल्या, होणार तरी काय होतास?" डुकरानं पडल्या पडल्या सशाला विचारलं.

"ठरवलंच नव्हतं, आजोबा. ससा समजून धडक दिली असतीत, तर मेलोच असतो."