न सापडलेलं यंत्र

"पण सर, नाहीच, असं मी कसं लिहून देऊ?"

हृषीकेश गुंजाळचा हा प्रश्न दत्ताराम शेट्ये सकाळपासून वेगवेगळ्या शब्दांत ऐकत होते. पेटंट कार्यालयातून निवृत्त होऊन ते लांज्याजवळ आपल्या गावी राहत. हृषीकेश त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

रेहाना मुकादम यांनी काजू बी फोडायचं नवं यंत्र केलं होतं. असं यंत्र जगात आधी कुणी केलेलं नाही ना, हे जुन्या पेटंटांत शोधायचं काम हृषीकेशचं. उन्हाळा सरला, तरी शोध संपेना. त्यातच एक बडी कंपनी तसंच यंत्र करते आहे, अशी कुणकुण लागली. आधी अर्ज ज्याचा, पेटंट त्याचं. रेहानाबाई रोज फोन करत होत्या.

या धंद्यात घाबरटपणाला काटेकोरपणा म्हणतात. त्याची किंमत मोजतो तो नेहमी दुसराच.

"हल्ली काय सापडतंय?" सरांनी विचारलं.

"तेच ते. शब्द बदला, देश बदला, फिरून तीच पेटंटं. आपल्यासारखं त्यांत एकही नाही."

"असतं तर?"

"त्याच दिवशी थांबलो असतो."

"म्हणजे बाई हरल्या, तरच तू थांबणार."

हृषीकेशला ते झोंबलं. आजवर आपल्या नजरेतून एकही पेटंट निसटलेलं नाही, असं सुनावून त्याने लॅपटॉप उचलला आणि तो ओटीवरून खाली उतरला. बूट उलटे केले, पायरीवर आपटले, पाय घातले. पावसाळ्यात तिकडे सगळेच बूट आपटून घालतात. विंचू असतो.

सर दारात येऊन उभे राहिले.

"आत बॅटरी मारून पाहिलंस?"

"नाही."

"काडी फिरवलीस?"

"नाही… आपटले की."

"आणि पाय घातलास."

हृषीकेश पायांकडे पाहत राहिला…

मग तो तिथेच पायरीवर टेकला. रेहानाबाईंना फोन लावून त्याने सांगितलं, शोध झाला, अर्ज उद्याच करू. पलीकडे बाई बराच वेळ बोलत होत्या. ऐकता ऐकता त्याच्या कपाळावरची आठी गेली.

फोन ठेवून त्याने वर पाहिलं.

"आणि सर, काही राहिलंच असलं तर?"

"तर ओरड. मी घरातच आहे."