शिवणीतली माया

"...आणि पहिला सार्तोरी कोण, तेवढं तुमच्या मठातल्या जुन्या वहीत सापडेल ना, फादर?"

एत्तोरेने हे तिसऱ्यांदा विचारलं.

म्हातारे फादर आन्सेल्मो मठाच्या ओसरीवर वाटाण्याच्या शेंगा सोलत बसले होते. याच ओसरीवर त्यांनी एत्तोरेला अक्षरं गिरवायला शिकवली होती.

आता स्वारी प्राध्यापक झाली होती. उत्तर इटलीतल्या चारशे गावांमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या चाळून तो आपल्या आडनावावर जाडजूड ग्रंथ लिहीत होता. सार्तो म्हणजे शिंपी, शिंप्याच्या घरचे ते सार्तोरी. कुठल्या गावात त्यांची किती घरं, सगळं तोंडपाठ. एकदा सांगायला लागला की थांबायचं नाव नाही.

एवढे सार्तोरी मोजणारा हा गृहस्थ बापाच्या दफनाला मात्र पोचला नव्हता. त्या दिवशी त्याचं भाषण होतं. तेही याच आडनावावर. आता हसावं की रडावं, तुम्हीच सांगा.

बाप म्हणजे बेपी, गावातला शेवटचा शिंपी.

फादर उठून आत गेले. वही आणली नाही, एक काळा कोट आणला.

"तुझ्या वडिलांनी ठेवायला दिला होता."

एत्तोरेने तो लगेच ओळखला. एकोणिसाव्या वर्षी तो शहरात शिकायला निघाला, तेव्हा बापाने शिवलेला. पुढच्याच वर्षी त्याने तो टपालाने परत पाठवला होता. सोबत चिठ्ठी, 'आता होत नाही.' खरं म्हणजे घरी शिवलेल्या कोटाची त्याला लाज वाटायची.

"लहान शिवला होता बाबांनी," तो म्हणाला.

फादरनी कोट उलटा केला, अस्तर वर उचललं. पाठीच्या शिवणीत तीन बोटं कापड आत दुमडलेलं होतं. काखेत होतं. बाह्यांतही होतं.

"हे काय?"

शिंप्यांसाठी चारशे गावं पालथी घातलेला माणूस हे विचारत होता. फादर त्याच्याकडे बघतच राहिले...

"माया म्हणतात याला. अंग भरलं की शिवण उसवायची, कोट सैल होतो. बेपीने भरपूर ठेवली होती."

"मग त्यांनीच उसवून का नाही धाडला?"

"किती उसवायचं, ते अंगावर घातल्याशिवाय कसं कळणार? दर नाताळला सुई ओवून बसायचा. म्हणायचा, आज येईल..."

एत्तोरे पायरीवरच बसला. चोवीस नाताळ. एकदा आलो असतो तर काय बिघडलं असतं, हे त्याला त्या क्षणी फार लागलं. पहिल्या सार्तोरीची वही त्याच्या डोक्यातून पार निघून गेली. बोटं तेवढी त्या तीन बोटं कापडावरून फिरत राहिली.

फादरनी टोपली पुन्हा मांडीवर घेतली.

एत्तोरेने विचारलं, "आता... आता उसवता येईल का, फादर?"

फादरनी हातातली शेंग सोलली, दाणे टोपलीत टाकले.

"कापड अजून आहे, पोरा. माप घेणारा गेला."