हिरव्या बटणातली काडी

यंत्रं आपसांत बोलत असत तेव्हाची ही गोष्ट. खोटी वाटली तर कुठल्याही मोटारीला विचारा. शेवंताकाकूंच्या हळदीच्या गिरणीतला म्हातारा स्टार्टर, वीज जास्त वाहू लागली की मोटार बंद करी. वैतागून काकूंनी एक दिवस त्याचं चालू करायचं हिरवं बटण दाबलेलंच राहावं म्हणून त्यात आगपेटीची काडी खुपसली.

"आता बस गप्प," त्या म्हणाल्या.

मोटार खूश झाली. तेवढ्यात एक टणक हळकुंड गिरणीत अडकलं आणि ती जागीच थांबली.

"बरं झालं, जरा विसावा," मोटार म्हणाली.

"विसावा कसला, बाई?" स्टार्टर म्हणाला. "काटा बघ, सहा अँपिअरवरून छत्तीसवर गेलाय."

"पण मी तर फिरतही नाही. व्होल्टही तेवढेच आहेत."

"व्होल्ट म्हणजे विजेचा रेटा, अँपिअर म्हणजे तिचा लोंढा. फिरताना तू त्या रेट्याला उलट ढकलतेस. थांबलीस, की लोंढा मोकाट आत शिरतो."

मोटारीला स्वतःच्याच तारा भाजल्याचा वास आला.

"मग बंद कर ना मला, दादा."

"बटणात काडी आहे ना. जमेल तेवढी थरथर."

मोटार जीव खाऊन घूंघूं करू लागली. भिंत हादरली, काडी सरकून खाली पडली, बटण खटकन सुटलं आणि स्टार्टरने मोटार बंद केली.

काकू वाकून काडी शोधू लागल्या. करपट वास नाकात शिरला, तेव्हा काडी सोडून त्यांनी आधी हळकुंड काढलं.

तेव्हापासून अडकलेली मोटार घूंघूं करते. लोक म्हणतात, कुरकुरतेय. ती बिचारी कुणीतरी खुपसलेली काडी पाडत असते.