कोंडाईची बाभळ

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट, आणि ती जरा दमानं ऐकायची आहे. तेव्हा आपल्या कारंबळ्याला सडक नव्हती, दवाखाना नव्हता, आणि कोणाला राग आला तरी चालेल, अक्कलही थोडी कमीच होती. त्या वेळी गावात कोंडा नावाची सुईण राहायची. आज आपण जिला कोंडाई म्हणतो आणि जिच्या नावानं हात जोडतो, ती हीच. पण तेव्हा तिला कोणी हात जोडत नव्हतं. चांगली तोंडाळ बाई होती ती.

तिचे दात पंचक्रोशीत गाजलेले. रोज सकाळी बाभळीची काडी चावायची आणि सुपारी फोडायला अडकित्ता कधी हातात धरायची नाही. असं म्हणतात, एकदा विहिरीवर कोणाच्या तरी हातातून दोर सुटला, तर तो तिनं दातांत पकडला आणि भरलेली घागर तशीच वर ओढून काढली. एवढं खरं असेल का, ते मला विचारू नका. मी ऐकलं तसं सांगतोय.

त्याच गावात बाजीबा नावाचा शेतकरी होता. त्याच्या पाठची एकच बहीण, सगुणा. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. एके दिवशी सकाळी ती मोकळी झाली. मुलगी झाली. मूल जन्मलं की सुईण त्याच्या तोंडात बोट फिरवून आतला चिकटा काढते. कोंडानंही बोट फिरवलं, आणि ते कशाला तरी अडलं. तिनं दार जरा उघडून उजेडात पाहिलं. खालच्या हिरडीत दोन दात!

आता, बाळंतिणीच्या खोलीत पाहिलेलं उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, हा सुईणीचा पहिला नेम. एरवी कोंडा तो पाळायची. पण त्या दिवशी तिचं डोकंच फिरलं. रक्ताचे हात तसेच घेऊन ती अंगणात धावली आणि ओरडली, "दात! अगं बया, पोरीला दात हायत!"

झालं. शब्द तोंडातून गेला तो गेला.

कारण तेव्हा आपल्या गावात अशी समजूत होती की दात घेऊन जन्मलेलं मूल आपल्या मामाला खातं. असं मूल घरात ठेवायचं नाही. सुपात घालून, दिवस मावळायच्या आत, शिवेवरच्या बाभळीखाली ठेवून यायचं आणि मागं वळून पाहायचं नाही. आणि ते सूप न्यायचं सुईणीनं. तुम्ही असे डोळे विस्फारून बघताय ना माझ्याकडे? मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा असाच बघत राहिलो होतो. माणसं हे करायची. आपलीच माणसं.

त्यात वाईट असं झालं की त्याच सकाळी बाजीबाचा गाल सुजला होता. दुपारपर्यंत डोळा मिटला, अंगात ताप भरला, जबडा उघडेना. गाव अंगणात जमलं आणि त्याच्या तोंडाकडे बघून चळाचळा कापायला लागलं. पोर जन्मली नाही तोच मामाला खायला लागली! चार दिवसांपासून आपली दाढ ठणकतेय, हे भीतीपोटी बाजीबा स्वतःसुद्धा विसरला. त्याला भाचीला नेऊ द्यायचं नव्हतं, असं म्हणतात. पण तोंडातून शब्द फुटेना, नुसतं डोळ्यांतून पाणी. लोकांनी त्या गप्प बसण्याचा होकार केला.

कोंडा सूप घेऊन आत गेली. सगुणानं पोरीला छातीशी घट्ट धरलं होतं.

"मावशे," ती म्हणाली, "ती चावली ती तुज्या बोटाला. मग दादा कसा मरंल? तू का न्हाई मेलीस?"

बाहेरून लोक घाई करत होते. तिनं पोर ओढून घेतली आणि सुपात घातली. सगुणाचा हंबरडा पार चावडीपर्यंत ऐकू गेला.

कोंडा शिवेवर पोचली. बाभळीखाली सूप ठेवलं आणि पाठ फिरवली. पोर रडायला लागली. चार पावलं गेल्यावर कोंडा थांबली. सगुणाचे शब्द तिच्या कानातून निघेनात. आणि कोणी कधी केलं नव्हतं ते तिनं केलं. मागं वळली. असं म्हणतात, त्या क्षणी रानातली पाखरं एकदम मुकी झाली आणि वारासुद्धा पडला.

तिनं खाली बसून पोरीच्या तोंडात बोट दिलं. पोर रडायची थांबली आणि बोट चोखायला लागली. ते दोन दात कोंडाला बोटाखाली लागले. तांदळाच्या कणीएवढे. नुसते डुगडुगत होते. ज्यांना हिरडीत धड उभं राहता येईना, ते रांगड्या बाजीबाला काय खाणार?

दिवस मावळायच्या आत कोंडा गावात परत आली, आणि सूप तिच्या डोक्यावर होतं.

गावाची दातखिळीच बसली. शिवेवर गेलेलं सूप परत आलेलं कोणी पाहिलं नव्हतं. बायकांनी आपापली पोरं पदराखाली ओढली. एक म्हातारा काठी आपटत पुढं झाला. "कोंडे, काय केलंस ह्ये! मारतीस का समद्यास्नी?"

"मामाला काय झालं तर मला ठिवा त्या बाभळीखाली," कोंडा म्हणाली. "पर आधी मला त्याचं त्वांड बघू द्या."

तिनं पोर सगुणाच्या कुशीत दिली आणि बाजीबाचा जबडा दोन्ही हातांनी उघडला. आतून असा वास आला की धरायला आलेली माणसं मागं सरली. मागची दाढ किडून काळी पडली होती आणि मुळाशी पू साठून हिरडी टम्म फुगली होती.

"तुला खानारा दात तुज्याच तोंडात हाय की रं!"

तिनं आजवर कोणाचा दात काढला नव्हता. हाताशी चिमटा नाही, काही नाही. तिनं सुताचा पिळदार दोरा घेतला, एक टोक त्या दाढेला बांधलं, आणि दुसरं आपल्या दातांत धरलं. चौघांनी बाजीबाला दाबून धरलं. कोंडानं मान मागं झटकली. असं म्हणतात, असा आवाज झाला की गोठ्यातल्या बैलांनी दावी तोडली. दाढ भिंतीवर जाऊन आपटली. आणि तिच्या मागोमाग कोंडाचे पुढचे दोन दातही जमिनीवर पडले.

सगळे किंचाळले. बाजीबाच्या तोंडातून पू वाहिला, रक्त वाहिलं. अंधार पडेपर्यंत त्याचा डोळा उघडला आणि त्यानं पेज मागितली. मग भाची मागितली.

थोड्या दिवसांनी पोरीचे ते दोन दात आपोआप गळाले. सगुणानं ते कोंडाच्या तळहातावर ठेवले. पुढं ती पोर कितीतरी वर्षं समोरच्या फटीतून जीभ काढून हसायची, मग इतरांसारखे तिलाही कायमचे दात आले, आणि मामानंच तिचं लग्न लावून दिलं. पण ते पुढचं. त्या दिवशी कोंडा तळहाताकडे बघत राहिली.

"येवढंच?" ती म्हणाली. आणि मग तिचं तोंड पांढरंफटक पडलं. "मग आधीची गं, सगुणे? आधीची?"

सगुणानं पोरीला पदराखाली घेतलं.

त्याआधी कोंडानं किती सुपं शिवेवर नेली होती, ते आपल्या गावात कोणी सांगत नाही. मी विचारून पाहिलंय. जुनी माणसं ऐकू न आल्यासारखं करतात.

त्यानंतर कोंडा गावात राहिली नाही. बाभळीखाली खोप घालून बसली. तिच्यासमोरून सूप नेण्याची कोणाची छाती झाली नाही. गाल सुजलेली माणसं मात्र लांबलांबून यायची, आणि ती दोरा दातांत धरून दाढा काढायची. असं म्हणतात, दर दाढेमागं तिचा एक दात जायचा, आणि तो पडला की ती म्हणायची, "बरं झालं." शेवटी तोंडाचं बोळकं झालं, तेव्हा तिनं तिथंच डोळे मिटले.

आता गावात सडक आहे, तालुक्याला दातांचा डॉक्टर आहे. तरी आपल्याकडे मुलाचा पहिला दुधाचा दात पडला की तो कौलावर टाकत नाहीत, उंदराकडे नवा मागत नाहीत. मामा भाच्याला खांद्यावर घेतो आणि शिवेवर नेतो. बाभळीखाली बोटभर खड्डा करून मूल आपला दात ठेवतं आणि म्हणतं, "हा तुला." एवढंच, बदल्यात काही मागायचं नाही.

आणि प्रत्येक मूल विचारतंच, "मामा, कुणाला?"

मामाला खोटं सांगायची मुभा नाही. तो सांगतो, "हितं तुज्यासारकी पोरं हायत. त्यांचे दात पडायच्या वयापतूर आमी त्यास्नी जगू दिलं न्हाई."