छपरावरचा बर्फ

"मग आता तरी आपला देश जगाच्या पुढं जाईल ना, बाबा?"

डॉक्टर चक्रधर विभूतेंनी विचारलं आणि लाल फितीतला जाडजूड गठ्ठा गोसावीबाबांच्या पुढ्यात ठेवला.

विभूते म्हणजे सुई टोचणारे डॉक्टर नव्हेत. दिल्लीत संगणक संशोधनाची सरकारी समिती आहे, तिचे अध्यक्ष. लहानपणी याच टेकडीवरच्या मठात बाबांसमोर बसून धुळाक्षरं गिरवली होती. आता साऱ्या देशाचं धोरण केलं होतं. उद्या दिल्लीत त्याची घोषणा. आले होते आशीर्वादाला म्हणून, खरं तर शाबासकीला.

"चक्र्या, हे तू लिहिलंस?"

"माझ्या समितीनं. तीन वर्षं, अकरा देश पालथे घातले, बाबा. तुमच्यासाठी मुद्दाम मराठीत करून आणलंय."

"वाचलंस?"

"सही माझी आहे."

"सहीचं नाही विचारलं मी."

...

बाबांनी फीत सोडली. मधलंच एक पान उपसलं.

"वाच. मोठ्यानं. कान गेलेत माझे."

डॉक्टरांनी घसा खाकरला. "प्रत्येक जिल्ह्यात एक संशोधनशाळा उभारावी. छप्पर उतरतं असावं. हिवाळ्यात दर सकाळी छपरावरचा..."

डॉक्टरांनी ओळीवर बोट ठेवून पुन्हा पाहिलं.

"पुढं?"

"छपरावरचा बर्फ... फावड्यानं काढायला दोन माणसं नेमावीत."

मे महिना. भर दुपार. अख्ख्या टेकडीवर हिरवी काडी नव्हती.

डॉक्टरांनी पान उलटसुलट करून पाहिलं. कुठल्या तरी थंड मुलखाचं जसंच्या तसं उचललेलं! समितीत सव्वीस विद्वान, आणि एकालाही दिसू नये? पानाखाली सही... त्यांचीच.

बाबा उठले. कोपऱ्यातलं फावडं आणून त्यांच्या हातात दिलं.

"जा वर."

"बाबा, थट्टा नका करू..."

"धोरण तुझंच ना? मग काढ की बर्फ."

गुरूचा शब्द. अनवाणीच शिडी चढले. वर नुसता पत्रा. दोन पावलं टाकली असतील नसतील, "आई गं!" करत खाली आले. फावडं वरच राहिलं.

तेवढ्यात फोन वाजला. दिल्लीहून सचिव.

"सर, उद्याच्या भाषणाची प्रत मंत्र्यांकडं पाठवू ना?"

डॉक्टर पायाच्या तळव्याकडं बघत होते. फोड आला होता. हो म्हणावं तर खुर्ची शाबूत. नाही म्हणावं तर...

"उद्या घोषणा नाही," ते म्हणाले. "धोरण मागं घेतोय. चूक माझी. मंत्र्यांना मी सांगतो."

फोन ठेवला.



"बाबा... आता कोऱ्या कागदावर पहिलं काय लिहू?"

बाबांनी तांब्यातलं पाणी त्यांच्या तळव्यावर ओतलं.

"लिही, पत्रा तापतो."