कुठून आणलंस गं, सुकरे?

उंच उंच डोंगराच्या कडेला, जिथे पोचायच्या आधीच रस्ता दमून बसतो, तिथे सात झोपड्यांचा एक पाडा होता. शेवटच्या झोपडीत सुकरी आणि तिची आई, अशा दोघीच राहत. सुकरी नऊ वर्षांची, बारीकशी आणि भारी संशयी. कुणी फुकट बोर दिलं तरी ती आधी उलटंपालटं करून बघायची.

आई तीन दिवस तापाने निजली होती. तिच्या पोटात जाईल अशी एकच गोष्ट होती, नागलीची, म्हणजे नाचणीची, गरम पेज. पण पेजेला पाणी लागतं, आणि झरा वर डोंगरात, उंबराच्या झाडाखाली. सरपण लागतं, ते त्याहून लांब. पीठ लागतं, आणि जातं ओढून ओढून सुकरीच्या तळव्यांना टपोरे फोड आले होते. पाणी आणलं की सरपणाला वेळ उरत नसे, सरपण आणलं की दळायला हात उठत नसे. त्या दिवशी ती परसातल्या वालाच्या वेलाखाली बसून चक्क रडली.

तेवढ्यात वालाचं एक जांभळं फूल हललं. पंखांवरचे सोनेरी, गुलाबी, मोरपंखी ठिपके चमचमवत एक इवलीशी परी बाहेर आली.

"रडू नकोस, सोनुली! माग तीन इच्छा."

"का?" सुकरीने विचारलं.

परी गोंधळली. "का म्हणजे? तू गुणी आहेस म्हणून. फक्त एक अट आहे हं. आलेली वस्तू कुठून आली, ते मला विचारायचं नाही. विचारलंस की सगळं परत जाईल, आणि मीही जाईन."

खरं सांगते, गोड बोलून अशी अट घालणाऱ्यांचा मलाही संशय येतो. सुकरीला तर आलाच. पण झोपडीतून आईचं कण्हणं ऐकू आलं आणि ती पटकन म्हणाली, "हंडाभर पाणी दे. आणि भाराभर सरपण."

छुम छुम! रुपेरी ठिणग्या उडाल्या. हंडा काठोकाठ भरला, शेजारी सरपणाचा भारा उभा राहिला. सुकरी हंडा घेऊन दारात गेली.

त्या पाड्यावर एक रीत होती. पाणी असो, लाकूड असो, नाहीतर मध असो, आत न्यायच्या आधी दारात थांबायचं आणि आतल्या माणसाने विचारायचं. आईने तापातही विचारलं, "कुठून आणलंस गं, सुकरे?"

सुकरीला ते ठाऊकच नव्हतं. खोटं बोलणं तिच्या जिवावर आलं. ती तशीच मागे फिरली आणि पाणी नीट बघू लागली. त्यात उंबराचं हिरवं पान तरंगत होतं. मग तिने भारा चाचपला. लाकडातून पांढरा चीक टपटपत होता. ओलं लाकूड! उंबराचं! उंबर गेला तर झऱ्याची सावली गेली, झरा आटला, मग साऱ्या पाड्याने प्यायचं काय आणि परसातला वाल जगवायचा कशावर?

"आता पीठ माग ना," परी लाडाने म्हणाली. "मग झालीच पेज, सोनुली."

आईची पेज एका शब्दावर आली होती. सुकरीला फार फार वाईट वाटलं. तिने डोळे पुसले आणि विचारलं, "परीताई, हे कुठून आणलंस?"

परीचे गाल लालेलाल झाले. "मला... मला ठाऊक नाही गं. मी नुसती कांडी फिरवते. आजवर कुणी विचारलंच नाही."

"मग चल, बघू."

दोघी झऱ्यावर गेल्या. उंबराच्या जागी नुसता बुंधा होता. झऱ्याच्या जागी चिखल, आणि चिखलात बेडकाचं एक पिल्लू डोळे मिचकावत बसलं होतं. परीला रडूच कोसळलं. पण प्रश्न विचारून झाला होता. एकेक फांदी उडत येऊन आपल्या जागी बसली. पाणी गुळगुळ करत परत आलं. आणि परी पायांपासून विरू लागली.

"अगं, तू नको ना जाऊस!" सुकरी कळवळली.

"इच्छा संपल्या," परी हसली. "पण माझा उजेड माझा स्वतःचा आहे. तो कुठून आला, ते मला पक्कं ठाऊक आहे. तो तुला घे."

लख्ख सोनेरी उजेड पसरला, झऱ्यात उतरला, आणि परी दिसेनाशी झाली.

झरा खळाळून भरला आणि उतारावरून थेट सुकरीच्या अंगणात आला. येताना उंबराखाली गळून पडलेल्या वाळक्या काटक्या घेऊन आला. त्याने अंगणातलं जातं गरगर फिरवून नागली दळली, वालाला पाणी पाजलं आणि तो बाकीच्या सहा झोपड्यांकडे पळाला.

सुकरीने आधी पाणी बोटाने चाखलं. एक काटकी मोडून पाहिली, ती कट्कन तुटली. मगच ती पाणी, काटक्या आणि पीठ घेऊन दारात उभी राहिली.

"कुठून आणलंस गं, सुकरे?"

सुकरीने सगळं सांगितलं, अगदी परीच्या रडण्यासकट.

आई अंथरुणात जराशी उठून बसली. "मग उभी काय राहिलीस? आण की आत."